मंडळाच्या जजसाहेबांची चिटणीस

३० जानेवारी २००९, शुक्रवार. सुट्टीचा दिवस म्हणून मी सकाळपासून एसीचे फिल्टर धूत होते. शारजात हे काम थंडीत, एसी बंद असतानाच उरकून घ्यायचं असतं. बाथटबमध्ये पाचही फिल्टर उभे केले होते आणि त्यांतून दुधाच्या चहासारखं पाणी निघत होतं. नवरा दारात येऊन म्हणाला, "मंडळाचा फोन होता. पाचला पोच म्हणतायत. इलेक्शन आहे."

"कसलं?"

"फॅमिली कोर्टाचं."

आम्ही दोघंही हसलो. त्या दिवसापर्यंत ते हसण्यासारखंच होतं.

आमचं महाराष्ट्र मंडळ म्हणजे गणपती, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि दिवाळीचा फराळ. पण त्या थंडीत मंडळाला भलतंच काम लागलं. दुबईतल्या कंपन्या माणसं काढत होत्या. ज्यांना काढलं नव्हतं त्यांचे पगार कापले होते. लोक फ्लॅट सोडून बायकामुलांना इंडियात पाठवत होते आणि स्वतः बेडस्पेसवर, म्हणजे वाटून घेतलेल्या खोलीतल्या भाड्याच्या खाटेवर, राहत होते. त्यातून घरोघरी भांडणं सुरू झाली. इथल्या कोर्टात जायला भाषेची भीती आणि व्हिसाची भीती, तिथल्या कोर्टात जायला विमान लागतं. म्हणून मंडळाने ठरवलं की घरगुती तंटे सोडवायला एक समेट समिती नेमायची आणि तिचा अध्यक्ष रीतसर मतदानाने निवडायचा. कागदावर नाव समेट समिती. तोंडी सगळे फॅमिली कोर्टच म्हणत.

अध्यक्ष कोण होणार हे आधीच ठरल्यासारखं होतं. त्यांना सगळे दोन वर्षांपासून जजसाहेब म्हणत होते.

मी त्यांना चांगली ओळखत होते. मी हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रेडिंग कंपनीत एचआर आणि ॲडमिन बघायचे. ते तिथल्याच एका पाइप कारखान्यात परचेस मॅनेजर होते. रोज सकाळी मी त्यांच्या गाडीतून कामावर जायचे. मूळचे पुण्याचे, पंचावन्नच्या आसपास. कॉलेजात असताना त्यांनी लॉच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं आणि सहा महिन्यांत सोडलं होतं. ही हकिगत ते "मी लॉ केलं तेव्हा" अशी सुरू करायचे.

त्यांची पहिली केस एका फ्लॅटमध्ये वाटून राहणाऱ्या दोन कुटुंबांची. एकांचा शनिवारचा उपास आणि दुसऱ्यांची शनिवारची मासळी. जजसाहेबांनी ओट्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. मासळी शुक्रवारी हलवली. दोन्ही घरं अजून त्यांना जेवायला बोलावतात, वेगवेगळ्या दिवशी. दुसरी केस अल ऐनची. नवरा तिथल्या हॉस्पिटलात टेक्निशियन होता, आणि बायकोला ते गाव इतकं शांत वाटायचं की ती कपाटात शिरून, दार लावून रडायची. जजसाहेब दीड तास गाडी चालवत गेले आणि निकाल दिला, बाईंनी ड्रायव्हिंग शिकावं. बाई चार वेळा नापास झाल्या. पण नवरा-बायकोचं भांडण मिटलं, कारण दोघांनाही शिव्या द्यायला परीक्षक मिळाला. हे किस्से ते हमरियाच्या रस्त्यावर इतके रंगवून सांगत की मला कारखान्याचं गेट आल्याचं वाईट वाटायचं.

त्यांची एक पद्धत होती. दोघांचे मोबाइल टेबलावर ठेवायला लावायचे. स्वतःचं घड्याळ काढून शेजारी ठेवायचे. मग नवऱ्याला विचारायचे, "तुमचं म्हणणं काय?" आणि बायकोला विचारायचे, "तुमची अपेक्षा काय?" नवऱ्याचं म्हणणं असतं आणि बायकोची अपेक्षा, हा फरक माझ्या लक्षात यायला तीन वर्षं गेली. मी तर शेजारी बसून लिहून घेत होते.

तर ते इलेक्शन. एका रेस्टॉरंटचा वरचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे पोरांची पकडापकडी. त्यांच्याविरुद्ध एकच बाई उभ्या होत्या. वसईच्या, कॅथलिक, दुबईतल्या एका हॉटेलात हाउसकीपिंग मॅनेजर. त्यांनी भाषण केलं नाही, एक प्रश्न विचारला. "उद्या एखादी बाई तुमच्यासमोर म्हणाली की तुमचा निकाल मला मान्य नाही, तर तुम्ही काय लिहिणार?"

"लिहायची वेळच येणार नाही, बाई," जजसाहेब म्हणाले. "समजावून सांगू. माझ्याकडे आलेलं एकही घर मोडलेलं नाही."

टाळ्या पडल्या. हात वर करून मतदान झालं. बाईंना नऊ हात. बाकी सगळा हॉल जजसाहेबांचा. माझाही हात त्यांनाच. कारण सांगायचं तर ते रोज साडेसहाला माझ्या बिल्डिंगखाली असायचे, आणि कधी एक मिनिट इकडेतिकडे झालं नव्हतं. मला तेवढं पुरेसं वाटलं. माझं अक्षर चांगलं म्हणून त्याच सभेत मला समितीची चिटणीस केलं.

मार्चमध्ये ती आली. तिशीतली, सहा वर्षांची मुलगी बरोबर. नवरा दुबई मरीनातल्या एका इंटिरियरच्या कंपनीत होता. जजसाहेबांच्या हॉलमध्ये आम्ही बसलो. मुलगी कार्पेटवर चित्र रंगवत होती.

"तुमचं म्हणणं काय?"

"सर, पगार अर्धा केलाय," नवरा म्हणाला. "फ्लॅट सोडतोय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे नाशिकला. ही तिकडे गेली तर आईचंही होईल आणि माझंही."

"आणि तुमची अपेक्षा काय, वहिनी?"

"मी जाते," ती म्हणाली. "सासूबाईंचं करते. पण मला सहा महिन्यांच्या आत परत यायचंय. सहा महिने बाहेर राहिलं की माझा आणि हिचा व्हिसा जातो. मग हेच म्हणतील, तू सोडून गेलीस."

"अगं, मी कशाला म्हणेन?"

"म्हणू नये म्हणूनच इथे आलेय. मी सोडून गेले असं कुणी म्हणता कामा नये. तेवढं लिहून द्या."

"ऑगस्टपर्यंत आणतो सर," नवरा म्हणाला. "तिकीट काय, नऊशे दिरहम. बारा हजार रुपये. त्यासाठी बायको तिकडे ठेवीन का? इन्शाल्ला ऑगस्टमध्ये आणतो."

"इन्शाल्ला नको," ती म्हणाली. "तारीख सांगा."

जजसाहेब मोठ्याने हसले. "वहिनी, इथे एसीवाला मेकॅनिकसुद्धा इन्शाल्ला येतो. तुम्ही नवऱ्याकडे तारीख मागताय?" सगळे हसले. मीही हसले. ती हसली नाही.

मग त्यांनी मला इतिवृत्त सांगितलं. "आर्थिक अडचणीमुळे सौभाग्यवती अमुक या मुलीसह काही काळ माहेरी जात आहेत."

मी पेन थांबवलं. "माहेरी नाही सर. सासरी. त्या सासूबाईंकडे नाशिकला चालल्यात. माहेर जळगाव आहे त्यांचं."

"अहो मॅडम, इथून गेलं की सगळं माहेरच. इंडिया म्हणजे आपल्या सगळ्यांचंच माहेर."

हा त्या वर्षीचा आमच्यातला विनोद होता. कुणाचंही कुटुंब परत गेलं की विचारायचं, काय, माहेरी का? पुरुषांनाही विचारायचे. ज्यांची नोकरी गेली ते स्वतःबद्दलच म्हणायचे, चाललो बाबा माहेरी. म्हणून मी माहेरी लिहिलं. आणि पुढे एक शब्द माझ्या मनाचा घातला. "स्वखुशीने."

तो शब्द मला कुणी सांगितला नव्हता. त्या महिन्यांत ऑफिसात मी दुसरं काही करतच नव्हते, राजीनामे टाइप करत होते. ज्याला काढायचं त्याच्याकडूनच राजीनामा लिहून घ्यायची पद्धत होती. त्यात एक वाक्य ठरलेलं असायचं, मी माझ्या मर्जीने नोकरी सोडत आहे. माणूस समोर बसून डोळे पुसायचा आणि मी बोट ठेवून सही कुठे करायची ते दाखवायचे. दिवसाला चार-पाच. हाताला सवय लागली होती. कुणी कुठून जात असेल तर स्वखुशीने जात आहे असंच हात लिहायचा.

परतीबद्दल जजसाहेबांनी सांगितलं, "परिस्थिती सुधारताच पती त्यांना परत आणतील." तारीख नाही. खाली तिघांच्या सह्या झाल्या. तिने वाचून सही केली का, मला आठवत नाही. मुलगी रंगाचे खडू आवरत नव्हती, ती तिला ओरडत होती.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. आधी मॅडम म्हणायची, आता ताई म्हणाली. "ताई, तिकीट आलं नाही. बारा सप्टेंबरला सहा महिने होतात. हे फोनवर म्हणतात, बघू. जजसाहेबांना सांगा ना."

दुसऱ्या दिवशी गाडीत मी विषय काढला. गणपती आणि रमजान एकाच आठवड्यात आले होते, आणि ते मंडपाच्या परवानगीत गुंतले होते. "मॅडम, त्याची नोकरी टांगणीला आहे. आत्ता दडपण आणलं तर तो बिथरेल. ती केस मिटलेली आहे."

"मिटली कुठे सर? ती तिकडेच आहे."

"घर मोडलं का? नाही ना? मग मिटली."

मी पुढे बोलले नाही. गाडी त्यांची होती. बारा सप्टेंबर येऊन गेली. त्या दिवशी मी काय केलं ते आठवत नाही, म्हणजे काहीच केलं नसणार.

तिने सासूबाईंचं सगळं केलं. ऑपरेशन, फिजिओथेरपी, वर्षभर जेवणखाण. मे २०१० मध्ये सासूबाई धाकट्या मुलाकडे पुण्याला गेल्या आणि घराला कुलूप लावून किल्ली बरोबर घेऊन गेल्या. ती आणि मुलगी शेजाऱ्यांकडे बॅगा ठेवून जळगावला गेल्या. म्हणजे तेव्हा ती खरोखर माहेरी गेली. हे मला खूप उशिरा कळलं. मी विचारलंच नव्हतं.

जून २०११ मध्ये तिचा नवरा माझ्या ऑफिसात आला. खजुराचा डबा घेऊन. चांगला दिसत होता, वजन वाढलं होतं. "मॅडम, त्या वेळच्या इतिवृत्ताची खरी प्रत मिळेल का? कंपनीला फॅमिली व्हिसासाठी दाखवायचंय. आता आणतोय त्यांना."

मला आनंद झाला. मी वहीचं पान झेरॉक्स केलं, मंडळाचा शिक्का मारला, 'खरी प्रत' लिहून सही केली. त्याला म्हटलं सुद्धा, "मुलगी केवढी झाली असेल ना आता." तो म्हणाला, "हो ना." घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, बघ, जजसाहेबांचं बरोबर होतं. खजूर आम्ही आठवडाभर खाल्ला.

पुढच्या फेब्रुवारीत तिचा फोन आला.

"ताई, यांनी नाशिकच्या फॅमिली कोर्टात घटस्फोटाचा दावा लावलाय. म्हणतात मार्च २००९ मध्ये मी कारण नसताना सोडून माहेरी गेले, दोन वर्षं उलटली. पुरावा म्हणून तुमचा कागद जोडलाय. मी अक्षर ओळखलं तुमचं."

मी म्हटलं, "तू तेव्हा वाचलं नव्हतंस का?" असं विचारणारी मी.

"माहेरी हा शब्द वाचला होता," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही लोक गमतीने म्हणता तसं. वकील म्हणतात, मी माहेरी मे २०१० ला आले हे सिद्ध झालं तर दोन वर्षं भरत नाहीत, दावा टिकणार नाही. पण कागदावर २००९ लिहिलंय. आणि स्वखुशीने लिहिलंय. नवरा नकोच आहे आता मला ताई. पण मी सोडून गेले असं कोर्टाने लिहायला नको. मुलगी उद्या वाचेल ते. मंडळाकडून चूक दुरुस्त केल्याचं पत्र मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी गाडीत बसले आणि बसल्या बसल्या सांगितलं. त्या महिन्यात मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि जजसाहेब उभे होते. पत्रकात पहिलीच ओळ होती, त्यांच्यापुढे आलेलं एकही घर मोडलेलं नाही.

"इतिवृत्त मागाहून बदलता येत नाही," ते म्हणाले. "मी लॉ केलंय, मला विचारा."

"बदलायचं नाही सर. चूक झाली एवढं पत्र द्यायचं. माहेरी तुम्ही सांगितलंत, मी टोकलं होतं."

"टोकलंत ना? मग लिहिलंत कशाला?"

त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली.

"आणि स्वखुशीने मी सांगितलं होतं का?"

"नाही."

"बघा. म्हणजे उद्या कोर्टात उभं राहायचं तर तुम्ही राहणार. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय, मॅडम. मिटलेली केस आहे."

"तिचं घर मोडलंय सर."

"ते तिकडे मोडलं," ते म्हणाले. "इथे नाही मोडलं."

एवढं बोलून त्यांनी रेडिओवर बातम्या लावल्या. त्या दिवसापासून मी कंपनीच्या बसने जायला लागले. बस पावणेसहाला निघते.

वार्षिक सभा शनिवारी संध्याकाळी होती. घरून निघताना मी माझ्या मुलीला सांगितलं की आज सभेत बोलणार आहे. ती अकरावीत होती, फोनवरून मान वर न करता म्हणाली, "मॉम, दे वोन्ट लिसन. दे आर देअर फॉर द बिर्याणी."

विषयपत्रिकेवर दुसरा मुद्दा होता मागील इतिवृत्ते कायम करणे. मी उभी राहिले. समितीच्या वहीतल्या एका नोंदीत दोन शब्द चुकीचे आहेत, ते मी लिहिलेत, आणि त्यामुळे एका बाईवर कोर्टात आरोप आलाय, असं सांगितलं. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

"मॅडम, ही गोष्ट खाजगी आहे," खजिनदार म्हणाले. "जनरल बॉडीत नको."

"शिवाय विषयपत्रिकेवर नाही," आणखी कुणीतरी म्हणालं.

"अहो, एका शब्दाने काय होतं? माहेरीच गेली ना शेवटी?"

हशा पिकला. जजसाहेब पहिल्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मागून वसईच्या बाईंचा आवाज आला, "लिहू द्या ना तिला. दोन ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो?"

"यल्ला, पुढचा मुद्दा घ्या," खजिनदार म्हणाले. "जेवण आलंय."

अध्यक्षपदाला दुसरा अर्जच नव्हता. तरी रीत म्हणून हात वर करायला सांगितले. हात मोजणारी मीच होते, त्यामुळे माझा हात खाली आहे हे कुणाला दिसलं नाही. एकमताने निवड झाली. एकमताने हा शब्दही मीच लिहिला. तेव्हा मात्र मी खाली कंसात लिहिलं, चिटणीस वगळून. ते वहीतच राहिलं, वाचून कुणी दाखवलं नाही.

जिन्यात वसईच्या बाई भेटल्या. मला वाटलं, शाबास म्हणतील.

"मी विचारलं होतं तेव्हा तू हात कुणासाठी वर केला होतास?" त्या म्हणाल्या. "मी बघितलं होतं." आणि पर्स काखेत मारून खाली गेल्या.

घरी येऊन मी तिच्या वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, मंडळाचं पत्र असतं तर वजन पडलं असतं. एकट्या चिटणीसांचं प्रतिज्ञापत्र म्हणजे समोरचा वकील म्हणणार, बाईंनी आधी एक लिहिलं, आता दुसरं लिहितायत, कोणतं खरं मानायचं. तरी पाठवा. तारीख पुढच्या महिन्यात आहे.

नवरा म्हणाला, "तुझं नाव येईल त्यात. ऑफिसला कळलं तर?"

"कळू दे," मी म्हटलं. "झोप आता."

रविवारी सकाळी सहाला निघाले. शारजाहून दुबईला जायचं तर सहालाही रस्ता भरलेलाच असतो. भारतीय वकिलातीच्या बाहेर माझ्यापुढे अकरा माणसं होती, बहुतेक पासपोर्टवाली. प्रतिज्ञापत्र मी घरीच मराठीत आणि इंग्रजीत टाइप केलं होतं. सहा वाक्यं. ती मार्च २००९ मध्ये सासरी गेली. नवऱ्याच्या सांगण्यावरून गेली. परत यायची मुदत तिने मागितली होती, ती आम्ही लिहिली नाही. माहेरी हा शब्द अध्यक्षांनी सांगितला. स्वखुशीने हा शब्द कुणीही उच्चारला नव्हता, तो मी लिहिला. मूळ वही मंडळाच्या ताब्यात आहे.

काउंटरवरच्या मुलीने कागद वरून खाली वाचला. "मॅम, यह तो आप अपने ही खिलाफ दे रही हैं?"

"हां," मी म्हटलं. "साइन कहां करूं?"

तिने बोट ठेवून दाखवलं. मी सही केली, अधिकाऱ्यांपुढे शपथ घेतली, शिक्का मारून घेतला. समोरच्या कुरियरवाल्याकडे पाकीट दिलं आणि जळगावचा पत्ता दोनदा तपासला. मग टॅक्सी करून हमरियाला गेले. अकरा वाजले होते. हजेरीत अर्धी रजा लावली.